मालकांची उसळी

आमच्या घरमालकांनी पत्त्यांचा डाव जिंकलेला मी कधी पाहिला नाही आणि हरलेलाही नाही. कारण ते खेळायचेच फार थोडं. टॅबवर ऑनलाइन पोकरचं टेबल उघडायचं, सहा खुर्च्यांपैकी एक अडवायची, हातात आलेले पत्ते ओशाळल्यासारखे टाकून द्यायचे आणि बाकीचे पाचजण एकमेकांशी कसे वागतात ते शंभरपानी वहीत टिपत बसायचं, हा त्यांचा खेळ. लग्नाला जाऊन स्वतः न जेवता कोण किती जिलब्या उचलतो हे बघत बसणारा एखादा नातेवाईक असतो, तसे.

पैशाचं टेबल त्यांनी कधी उघडलं नाही. खोट्या पैशाच्या चकत्या, म्हणजे चिप्स, फुकट मिळायच्या, त्यांवर भागवायचे. पैसे लावतो तो जुगारी आणि फुकट बसतो तो विद्यार्थी, असं त्यांचं म्हणणं. शिवाय फुकटच्या टेबलावर माणूस मोकाट सुटतो, त्याला खिशाची भीती नसते, त्यामुळे त्याचा खरा स्वभाव तिथेच कळतो. हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की आपण आजवर माणसं ओळखायला भलतीकडेच जात होतो असं वाटायचं.

हा किस्सा मी घरात इतक्यांदा सांगितलाय की माझा आकडा चुकला की बायको स्वयंपाकघरातून दुरुस्त करते. तेव्हा आकड्यांबद्दल निर्धास्त असा. बाकीच्याची जबाबदारी माझी.

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ते राहायचे आणि तिसऱ्यावर त्यांच्याच फ्लॅटमध्ये आम्ही भाड्याने. आम्ही म्हणजे मी, बायको आणि माझी आई. मालक इथले मूळचे. त्यांच्या लहानपणी आत्ता जिथे आमची पार्किंगची भांडणं चालतात तिथे गुडघाभर चिखलात भात होता आणि पलीकडे खाडीच्या अंगाला त्यांच्या घरचं मिठागर. वडिलांनी बिल्डरला जमीन दिली, बदल्यात दोन फ्लॅट आले. मालकांनी स्वतः तीस वर्षं घरोघर विजेचे मीटर वाचायची नोकरी केली. त्यामुळे दारात उभं राहून आतलं सगळं न बघितल्यासारखं बघायची त्यांना सवय होती. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला. अंगात पांढरा हाफ शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात टॅब, तोही दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. टॅबला धूळ लागते आणि दुधाची पिशवी धुता येते, हे त्यावरचं स्पष्टीकरण.

इमारतीत ते सरळ मराठी बोलायचे, शेजारच्या गुजराती बेनशी हिंदी, पण रंगात आले की घरची बोली वर यायची. 'हाय' आणि 'न्हाय' सुरू झालं की समजायचं, आता काहीतरी ऐकण्यासारखं येतंय.

वॉचमनच्या केबिनजवळच्या सिमेंटच्या बाकावर त्यांनी मला पहिला धडा दिला. मी दूध आणायला निघालो होतो. मला पोकरमधलं काही कळत नाही म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. कळणाऱ्यांना शिकवण्यात मजा नसते.

"पत्ते वाटले की माणूस तीनच गोष्टी करतो," ते म्हणाले. "स्वतः चिप्स वाढवून डाव चढवतो, नाहीतर दुसऱ्यानं चढवलेलं गुमान भरतो, नाहीतर पत्ते टाकून देतो. चौथी एक हाय, काहीच न करता पुढं ढकलायचं. ती मी धरत न्हाय. ढकलणारी माणसं सोसायटीत भरपूर हायत."

मग त्यांनी वही दाखवली. प्रत्येक खेळाडूला एक पान. एका रकान्यात तो किती वेळा चढला त्याच्या उभ्या रेघा, दुसऱ्यात किती वेळा नुसतं भरलं त्याच्या. चढलेल्याला भरलेल्याने भागायचं. जो आकडा येतो तो त्या माणसाची आक्रमकता. इंग्रजीत त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे. मालक त्याला उसळी म्हणायचे. उसळी एकच्या खाली असली तर तो दुसऱ्यामागून जाणारा, दोन-तीन असली तर जागा माणूस. एका पानावर मोठ्ठा सात लिहिलेला होता. हा भयंकर दिसतो, मी म्हणालो. मालकांनी माझ्याकडे मीटर न चालणाऱ्या घराकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, किती डाव बघितलेत त्याचे? पानावर जेमतेम आठ रेघा होत्या, सात इकडे आणि एक तिकडे.

"आठ रेघांवर तुमची आई पण गुंड ठरेल," ते म्हणाले.

आणि मग मिठागर आलं. मिठागरात पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात सोडत सोडत घट्ट होत जातं. ते मिठाला आलं का हे बघायला काचेचं एक तरंगणारं माप असतं. नवखा माणूस बांधाजवळच्या पाण्याची बाटली भरतो, माप सोडतो आणि ओरडतो, आलं. मालकांचे वडील चार कोपऱ्यांतलं पाणी घ्यायचे, सकाळी एकदा आणि उन्हं चढल्यावर एकदा, तेही दोन-चार दिवस, आणि मगच तोंड उघडायचे. एका बाटलीवर निकाल देणाऱ्याला ते मीठ ओढायची फळी धरायलाही उभा करत नसत.

धडा पुढे चालू होता. पण मला दूध आणायचं होतं आणि मुख्य म्हणजे मला सगळं समजलंय अशी माझी खात्री झाली होती. मी उठलो. दोन रकाने शिकून मी उठलो, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

उसळी त्यांनी टॅबपुरती ठेवली नव्हती. सोसायटीच्या वार्षिक सभेत ते मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसायचे. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दर वर्षी टेबलावर हात आपटायचे, राजीनाम्याची, कोर्टाची, वर्तमानपत्राची धमकी द्यायचे. नवे लोक दचकायचे. मालक डोळे मिटून कानाशी सांगायचे की हा प्रत्येक डाव चढवतो, याच्या हातात दरवेळी चांगलं पान कसं असेल, हा आपटू दे. आणि पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन होते, ते सभेला यायचे, चहा प्यायचे, जायचे. एका वर्षी त्यांनी हात वर केला आणि टाकीखालचा खांब तडकलाय, एवढंच म्हणाले. सभा पार्किंगकडे वळली होती. मालक ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, पार्किंग बंद, आधी खांब. नंतर मला म्हणाले, "जो वर्षानुवर्षं चढवत न्हाय तो एकदा चढवतो तेव्हा आपले पत्ते टाकावेत. त्याच्याकडं पान असतंच." खांब खरंच आतून पोकळ झाला होता.

मला हे फार पटलं. ज्याला स्वतःला कधी मोठ्याने बोलता येत नाही त्याला असं काही ऐकलं की बरं वाटतं. मी एका केबल कंपनीच्या तक्रार विभागात आहे. दिवसाचे आठ तास लोकांचं "हो साहेब, बरोबर आहे साहेब" म्हणत ऐकून घेणं हेच माझं काम, आणि घरी आल्यावरही ते काही लगेच थांबत नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यासाठी झाला.

या घरात आलो तेव्हा आईला अंधुक दिसायचं. पहिल्या करारातच ते आणखी कमी झालं आणि डॉक्टरांनी आता आहे ते सांभाळा असं सांगितलं. आईने सांभाळायची वाट पाहिली नाही. तिने घर पाठ केलं. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं, सातव्याला उजवीकडे फ्रीजची गार बाजू हाताला लागते. देवघरापासून ओट्यापर्यंत नऊ. ओट्यावर डावीकडून तिसरा डबा साखरेचा. सकाळचा चहा ती स्वतः करायची, गॅस सुद्धा स्वतः पेटवायची, आणि कुणी धरायला गेलं तर म्हणायची, "मला ढकलू नकोस, मला येतं." त्या घरात आई आंधळी नव्हती. दुसऱ्या कुठल्याही घरात झाली असती.

आणि आमचा दुसरा करार संपत आला होता. अकरा आणि अकरा, बावीस महिने.

करार संपत आला की भाडेकरूला मालकाच्या प्रत्येक खोकल्यात अर्थ दिसू लागतो. मला तर अर्थ काढायचं यंत्रच मिळालं होतं. एका रविवारी मी ऑफिसच्या पॅडवर दोन रकाने आखले. मालकांनी आमच्यावर डाव किती वेळा चढवला? चपलांचं कपाट पॅसेजमधून आत घ्या, एक. बाल्कनीच्या कठड्यावर चादरी नकोत, दोन. गीझरची वायर बदला, तीन. आईचा खलबत्ता दुपारी नको, चार. मोरीचा नळ ठिबकतोय, लक्ष द्या, पाच. दारावरचं तोरण फार खाली आलंय, डोक्याला लागतं, सहा. आता आमचं म्हणणं त्यांनी किती वेळा मान्य केलं? वॉशिंग मशीनची नळी बाहेर काढू दिली. एक. डासांची जाळी मागितली होती, तिला ते "बघू" म्हणाले होते. "बघू" म्हणजे काय हे तक्रार विभागातल्या माणसाला शिकवायला नको, ते मी धरलं नाही. सहा भागिले एक. उसळी सहा.

मी बायकोला पॅड दाखवलं. तिने विचारलं की हे गणित काकांनी शिकवलंय की तू स्वतः जुळवलंस. मी म्हटलं, त्यांचंच. मग त्यांनाच दाखव, ती म्हणाली. बायका गोष्टी फार सोप्या करतात.

त्याच आठवड्यात मालकांचा पुतण्या घरी आला. जवळच हाटकेशला त्याचं छोटं युनिट आहे, ॲल्युमिनियमच्या चौकटींचं. नमस्कार करून त्याने खिशातून टेप काढली आणि आमच्या खिडक्या मोजल्या. हॉलच्या, बेडरूमच्या, मोरीच्या सुद्धा. काका म्हणाले मोजून ये, एवढंच बोलला आणि गेला. आणि याच पुतण्याचं लग्न ठरल्याचं बायकोने लिफ्टमध्ये ऐकलं होतं.

उसळी सहा, पुतण्याचं लग्न आणि खिडक्यांना टेप. मला सगळं लख्ख दिसलं. मालक आम्हाला काढणार. आता प्रश्न एवढाच होता की त्यांनी चढवायचं की त्याआधी आपण. मी बरेच दिवस विचार केला. आपणच सांगितलं की आम्ही जातोय, तर चांगला भाडेकरू हातचा जातो म्हणून ते गडबडतील, "अहो कुठे जाताय, रहा की" म्हणतील, मग आपण थोडे आढेवेढे घेऊन राहू आणि तिसरा करार आपल्या अटीवर होईल. आयुष्यात पहिल्यांदा मी आक्रमक व्हायचं ठरवलं. त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला.

मालक बाकावर होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं की काका, आम्हाला हाटकेशला चांगलं घर मिळालंय, पहिल्या तारखेला जावं म्हणतो. हाटकेशला आम्ही घर बघितलेलंही नव्हतं. मालकांनी टॅब बंद केला. तो दुधाच्या पिशवीत घातला, पिशवीला दोन घड्या घातल्या आणि म्हणाले, "बरं."

घरी आलो. बायको दारातच उभी.

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?"

"मीही बरं म्हणालो."

तिने आत जाऊन कुकरची शिट्टी नसताना गॅस बारीक केला.

नंतर माझ्या लक्षात आलं की पोकरच्या हिशेबाने मी जिंकलो होतो. खोटा डाव चढवला आणि समोरच्याने पत्ते टाकले. एवढा चोख ब्लफ मालकांच्या वहीतही नसेल. फक्त जिंकल्यामुळे मला घर सोडायचं होतं.

मग खरोखरच हाटकेशला घरं बघावी लागली. एक चांगलं होतं, हवेशीर, पण मोरी घरापेक्षा एक पायरी वर होती. दुसऱ्याचं बेडरूमचं दार बाहेर उघडायचं, ते अर्धं उघडं राहिलं की नेमकं चालणाऱ्याच्या कपाळावर. बायको प्रत्येक घरात शिरली की आधी डोळे मिटून उभी राहायची. एजंटला वाटलं ती वास्तू बघतेय. तो म्हणाला, भाभी, पूरब दरवाज़ा है.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याच्यापासून काही लपवता येतं हा डोळस माणसांचा भ्रम आहे. चौथ्या दिवशी ती चहाचा कप माझ्या हातात देऊन म्हणाली,

"तिथं पलंगापासून मोरी किती?"

मालकांची चपलांवरून नाराजी, नळावरून नाराजी, सगळं मी मोजून ठेवलं होतं. हे मोजलं नव्हतं.

आई रागावली नाही. ती रागावली असती तर सोपं झालं असतं. तिने फक्त सांगितलं की जायचंच असेल तर मला खुर्चीत घालून चौघांनी उचलून नेऊ नका, लोक काय समजतील. लिफ्टमध्ये तिला गरगरायचं, म्हणून ती दीड वर्ष खाली उतरलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून दुपारी बायकोला बरोबर घेऊन ती जिना शिकू लागली. पहिल्या दिवशी एक मजला, अठरा पायऱ्या, मध्ये नवव्या पायरीवर वळण. वर येऊन धापा टाकत बसली आणि म्हणाली, आज अठरा झाल्या. ऑफिसात फोनवर एक गिऱ्हाईक मला शिव्या देत होतं, तेवढ्यात बायकोचा मेसेज आला, आज छत्तीस. त्या गिऱ्हाइकाचं मी त्या दिवशी अगदी मनापासून ऐकून घेतलं.

शेवटच्या रविवारी एजंटचा फोन आला की पाच वाजता एक पार्टी घर बघायला येतेय, घर आवरून ठेवा. म्हणजे मालकांनी घर बाजारात काढलं होतं. चार वाजता मी वर गेलो. डोक्यात होतं की निदान एक महिना मागून घ्यावा. हे मला जमण्यासारखं होतं. विनंती म्हणजे काही चढवणं नव्हे.

मालक जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसले होते. मी महिन्याचं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही माझ्याकडे फिरवली. पानावर वर माझं आडनाव. पहिल्या रकान्यात एकच, ताजी रेघ. दुसऱ्यात रेघाच रेघा.

"बावीस महिने," मालक म्हणाले. "मी सांगितलेलं, सोसायटीनं सांगितलेलं, वॉचमननं सांगितलेलं पण, सगळं गुमान भरलंत. एकतीस वेळा. चढवलंत शून्य. असा माणूस माझ्या वहीत दुसरा न्हाय. आणि त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आलात आणि चढवलंत. मी काय करणार? म्हटलं याच्या हातात पक्कं पान हाय. चांगलं घर मिळालं असेल, आईच्या सोयीचं. मी पत्ते टाकले."

खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या तोंडून "बरं काका" निघणार होतं. पण खालून आवाज आला. जिन्यात आई मोठ्याने मोजत होती. सोळा, सतरा, अठरा. मग थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा एकपासून सुरू.

"काका," मी म्हणालो, "माझ्या हातात काही नव्हतं."

"म्हणजे?"

"घर मिळालं नव्हतं. मला वाटलं तुम्ही काढणार, म्हणून मी आधी बोललो. ब्लफ होता."

मालकांनी चष्मा काढला. मग पुन्हा लावला आणि मला नव्याने वाचायला घेतलं.

"तुमी?" ते म्हणाले. "ब्लफ?"

मला वाटलं आता ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी विचारलं की मी काढणार हे कशावरून ठरवलंत. आता लपवण्यासारखं उरलं नव्हतं. मी खिशातून पॅडचा कागद काढून दिला. सहा भागिले एक. त्यांनी तो बोटाने ओळ न् ओळ वाचला, आणि तेव्हा मात्र त्यांचा चेहरा लाल झाला. माझ्या संशयाचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. गणित बघून त्यांना राग आला.

"जाळी कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "तुमी जाळी मागितली, मी पुतण्याला पाठवून खिडक्या मोजून घेतल्या. ती का न्हाय धरली?"

"ती जाळीसाठी टेप होती?"

"मग काय लग्नाच्या मांडवासाठी? एक जाळी धरली की तुमच्या सहाचे झाले तीन. म्हणून सांगतो, थोड्या रेघांवर आकडा काढू नये, एका रेघेनं अर्धा होतो. आणि टाकलेले पत्ते? ते कुठं मांडलेत?"

मी म्हटलं, तुम्ही दोनच रकाने शिकवले होते.

"दोनच ऐकून तुमी दुधाला गेलात."

त्यांच्या वहीत तिसरा रकाना होता. सगळ्या पानांवर होता. मी कधी नीट बघितलाच नव्हता. चढवायला जागा असूनही माणसाने काही न बोलता पत्ते किती वेळा टाकले, त्याच्या रेघा. मालकांनी स्वतःचं पान काढलं. हो, त्यांचं स्वतःचंही पान होतं, आमच्याशी चाललेल्या डावाचं. आणि मग ते मीटर वाचतात तशा एका सुरात वाचत गेले. मोरीत आईला धरायला दांडा बसवला, माझ्या टाइल्सना चार भोकं पाडली, न विचारता. बघितलं, बोललो न्हाय. हॉलपासून मोरीपर्यंत भिंतीला दोरी बांधली, सहा खिळे. बोललो न्हाय. पहाटे पाचला रेडिओ. तुमचे मेव्हणे दीड महिना राहिले. ओट्याची कड गॅसनं काळी झाली. कुंडीचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर, त्यांना मी सांगितलं माझीच कुंडी हाय. असं करत सोळा.

मी मान खाली घालून ऐकत होतो. ती चार भोकं आम्ही ते नाशिकला गेल्याचं बघून पाडली होती आणि वर टॉवेल टांगून ठेवला होता. मालक घरात आले की बायको आधी टॉवेल नीट करायची.

"सहा चढवले, दोन भरले, सोळा टाकले," ते म्हणाले. "चोविसात सहा. पाव. मिठागरावरचा बैल पण ह्याच्यापेक्षा जास्त उसळतो."

मी कागद परत घेतला. मग विचारलं की हे टाकलेले पत्ते ते कधीपासून मोजतात. मालक वहीची पानं सारखी करत राहिले. मग म्हणाले, आता अगदी हळू, "टाकलेले पत्ते कोणी दाखवत न्हाय. समोरच्यालाच बघावे लागतात. माझ्या बायकोनं तीस वर्षं टाकले. मना वाटायचं, ही कायम माझ्यावर चढून येते. दोनच रकाने होते माझ्याकडं."

खाली आईच्या तिन्ही मजल्यांच्या चौपन्न पायऱ्या झाल्या असाव्यात, कारण आवाज थांबला होता.

पाचला दहा कमी असताना मालकांनी एजंटला फोन लावला. मी समोरच होतो. पार्टी को मत लाना, ते म्हणाले. पलीकडून त्याने विचारलं असावं की त्या लोकांना तर हाटकेशला घर मिळालंय ना. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कहाँ का घर? उसके हाथ में पत्ता ही नहीं था."

मी जिन्याने खाली धावलो. तिसऱ्या मजल्यावर थांबलोच नाही, थेट तळाला गेलो. बायको आणि आई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. बायकोला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं आणि तिने पदराने आधी आईचा घाम पुसला, मग स्वतःचे डोळे. आईला सांगावं लागलं. मी म्हटलं, आई, आपण कुठे जात नाही. तिने हात पुढे करून कठडा चाचपला.

"मग हे चौपन्न मला कशाला शिकवलेत?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "शिकलेच आहे तर आता उतरत जाईन."

तिसरा करार झाला, चौथाही झाला. अटी मालकांच्याच, मी गुमान भरल्या. जाळ्या बसल्या. मोरीतल्या दांड्यावरचा टॉवेल बायकोने त्याच संध्याकाळी काढला. मालकांना आता त्यांच्या मुलीने नाशिकला नेलंय आणि आमच्या घराचं सगळं पुतण्याच बघतो. त्यालाही मी हो म्हणतो. पण मालक इथे होते तोवर संध्याकाळी बाकावर ते आणि आई असे दोघं बसायचे. ते तिला टेबल वाचून दाखवायचे, यानं चढवलं, त्यानं भरलं, तो गेला. आईला पत्त्यांतलं काही कळत नव्हतं, पण कोण कुणाशी कसं वागला हे ऐकायला कुणाला नको असतं?

एकदा मी ऑफिसातून येत होतो. मालक टॅब डोळ्यांजवळ धरून तिला विचारत होते की आई, हा माणूस तासभर नुसता भरत होता आणि आता एकदम मोठा डाव चढवलाय, काय वाटतं, असेल का याच्या हातात पान?

आईने मान किंचित वळवली. माझ्या चपलांचा आवाज तिला फाटकापासूनच कळतो.

"मला काय विचारता, भाऊ?" ती म्हणाली. "आलाय तो, तुमच्या मागेच उभा आहे. त्याला विचारा."